आठाचा हट्ट कुणाचा?

मागच्या अंकात मिठाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांच्या बाहेरच्या कक्षेत आठ-आठ इलेक्ट्रॉन होतात (हाच तो आठाचा नियम) आणि सगळे खुश. बस, त्या "सगळे खुश"वरून लोकांनी मला पकडलंय. या वेळच्या पत्रांत ना लोणचं बुरसलं ना सुनेचं बिनसलं, सरळ केमिस्ट्री. तीस वर्षं अकरावी-बारावीला हेच शिकवलं त्यामुळे मला तर मजाच आली. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सुहाग्याचा प्रश्न तेवढा वाचा, तो घरातला आहे.

काकू, क्लासच्या टेस्टमधे बोरॉन ट्रायफ्लोराइड काढायला आलं होतं. बोरॉनकडे सहाच इलेक्ट्रॉन होत होते, आणि फ्लोरीनकडे तर इलेक्ट्रॉनच्या जोड्या पडून आहेत, म्हणून मी एका फ्लोरीनकडून डबल बॉन्ड काढून आठ पूर्ण केले. सरांनी लाल पेनानी काट मारून शून्य दिलं. नियम पाळला तरी मार्क जातात, मग नियम कशाला शिकवतात? (अकरावीतली एक वाचक, सुदामा नगर)

अगं, आधी हे सांगते की तुझं डोकं छान चाललं, शून्य मी तरी दिलं नसतं. पण तू काढलेल्या चित्राचा हिशोब मांडून बघ. डबल बॉन्डवाल्या फ्लोरीनकडे स्वतःच्या दोन जोड्या म्हणजे चार, आणि दोन बॉन्डमधला अर्धा वाटा म्हणजे दोन, झाले सहा. मुळात त्याचे होते सात. म्हणजे फ्लोरीनवर प्लस एक भार आणि बोरॉनवर मायनस एक! मूलद्रव्यांच्या अख्ख्या टेबलात इलेक्ट्रॉनसाठी सगळ्यात हावरा कोण, तर फ्लोरीन, आणि तो आपल्या ताटातलं बोरॉनच्या ताटात वाढतोय असं तू काढलंस. सरांना ते खटकलं असणार.

आता दुसरी बाजू, जी टेस्टमधे कुणी सांगत नाही. तू काढलंस ते थोडंसं खरंच घडतं. या रेणूत बोरॉन-फ्लोरीन अंतर साधारण १३१ पिकोमीटर भरतं, आणि तोच बोरॉन चौथा फ्लोरीन घेऊन बीएफ फोर मायनस झाला की अंतर वाढून १४० च्या जवळपास जातं, म्हणजे आधीचा बॉन्ड एकेरीपेक्षा जरा घट्ट होता. (चौथा पाहुणा आला की तसंही सगळ्यांना सरकून बसावं लागतं, त्यामुळे किती भाग कशाचा यावर वाद घालणारे घालतातच.) आणखी एक पुरावा म्हणजे, फ्लोरीन सगळ्यात जास्त ओढणारा, तर त्याच्या संगतीतला बोरॉन सगळ्यात उपाशी आणि दुसऱ्याची जोडी घ्यायला सगळ्यात उतावीळ असायला पाहिजे ना? तर नाही, क्लोरीनवाला त्याच्यापेक्षा उतावीळ आणि ब्रोमीनवाला त्याहून. कारण फ्लोरीन गुपचूप थोडं परत देत असतो. तेव्हा पेपरात सहाच काढ, तिन्ही बॉन्ड एका पातळीत १२० अंशावर दाखव, आणि वाटलंच तर खाली एक ओळ लिही की फ्लोरीनकडून थोडं बॅक-बॉन्डिंग होतं. तपासणारा चांगला असेल तर खुश होईल.

पण तुझा खरा प्रश्न नियम कशाला हा आहे. बघ, आठ हा आकडा आला कुठून? बाहेरच्या कक्षेत एक एस आणि तीन पी अशा चार खोल्या (पुस्तकात त्यांना ऑर्बिटल म्हणतात), एकेकीत दोन इलेक्ट्रॉन, झाले आठ. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन या चौघांकडे एवढ्याच खोल्या, पाचवी नाही, म्हणून ते आठाच्या वर जातच नाहीत. आपण स्वतः, आपली भाजी, आपले कपडे सगळं बहुतेक या चौघांचं, म्हणून नियम एवढा पक्का वाटतो. हायड्रोजनची खोलीच एक, त्याला दोन बस. आणि बोरॉनकडे माणसं तीन आणि खोल्या चार! तिघांनी तीन बॉन्ड केले की एक खोली रिकामीच राहते, त्यात बोरॉननी कुठलाही नियम मोडला नाही, त्याच्याकडे भरायला माणूसच नाही. म्हणून तो दुसऱ्याची तयार जोडी शोधत फिरतो, अमोनिया भेटला की त्याची जोडी घेतो आणि दोन गॅसचा मिळून पांढरा घट्ट पदार्थ होतो. ॲल्युमिनियम क्लोराइडचंही तसंच, फक्त ते बाहेर जात नाही, वाफेत असताना दोन रेणू एकमेकांच्या क्लोरीनची जोडी वापरून जोडीनी राहतात.

आणि हे अपवाद नंतर सापडले असं काही नाही हं. गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानी १९१६ मधे इलेक्ट्रॉनच्या जोडीनी बॉन्ड होतो हे मांडलं तेव्हाच त्याला माहीत होतं की सगळे आठात बसत नाहीत. त्याच्या मते आठापेक्षा दोनाचा नियम, म्हणजे जोडी, ही जास्त मुळातली गोष्ट. "ऑक्टेट" हा शब्द रूढ केला तो अर्विंग लँगम्यूरनी १९१९ मधे, आणि आठाचा आग्रहही जास्त त्याचाच. तो बोलायला फर्डा, त्यामुळे सगळीकडे आठच पोचला. लँगम्यूरला १९३२ मधे नोबेल मिळालं, अर्थात पृष्ठभागाच्या रसायनासाठी, यासाठी नाही. लुईसला कितीदा नाव सुचवूनही कधीच मिळालं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, माझा काही संबंध नसताना.

काकू, माझं सराफ्यात लहानसं दुकान आहे. मुलगी परवा म्हणाली बाबा तुमचा सुहागा म्हणजे बोरॉनच, आणि कॅरमची पावडर पण. खरं का? आणि त्याचा त्या आठाशी काय संबंध? (एक वाचक, सराफा)

भाऊ, मुलगी शंभर टक्के बरोबर. सुहागा म्हणजे आपल्या आज्यांचा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. तुम्ही रोज बघता तेच सांगते, फक्त आत काय चाललंय ते जोडून. ज्योत लावली की तो खडा आधी लाहीसारखा फुलतो, हो ना? ते पाणी. बोरॅक्सच्या वजनात जवळजवळ निम्मं, म्हणजे ४७ टक्के पाणीच असतं, ते उडताना त्याला फुगवतं. मग ती लाही बसते, वितळते आणि काचेसारखा थेंब होतो. तो थेंब दागिना झाळताना काय करतो, तर सोन्यातलं तांबं तापून त्याच्यावर जी काळी साय येते, कॉपर ऑक्साइडची, तिला गिळून टाकतो, म्हणजे खालचा धातू स्वच्छ राहतो आणि झाळ धरते.

आता गिळतो कसा? इथेच तो सहा-आठाचा खेळ येतो. बोरॅक्सच्या आयनमधे चार बोरॉन असतात आणि गंमत म्हणजे त्यातले दोन चार ऑक्सिजन धरून आठ पूर्ण करून बसलेले, आणि दोन तीनच ऑक्सिजनवर, सहावर, खोली रिकामी. एकाच रेणूत दोन्ही तऱ्हा! वितळल्यावरही असे रिकाम्या खोलीचे बोरॉन असतातच, आणि धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन आपली जोडी घेऊन तिथे शिरतो, ऑक्साइड विरघळतं. थंड झालेली काच तांब्यामुळे निळसर दिसते, तीच आम्ही प्रॅक्टिकलला "बोरॅक्स बीड टेस्ट" म्हणून मुलांकडून करून घेत होतो, प्लॅटिनमच्या तारेच्या छोट्या वळ्यावर. तारा महाग म्हणून मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, अर्ध्या वेळा एक कमी भरायची. सोने पे सुहागा म्हणतात त्याची केमिस्ट्री ही अशी.

कॅरमची पावडर म्हणजे जुनी बोरिक पावडर, बोरिक ॲसिड. (आता वेगळ्या पण मिळतात, डबा वाचून घ्या.) तिच्यात बोरॉनभोवती तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट), पुन्हा सहाच. रेणू सपाट असतो, शेजाऱ्याशी हायड्रोजन बॉन्डनी हात धरून पातळ पत्रे बनतात आणि एका पत्र्याची वरच्या पत्र्याशी पकड फारच ढिली, म्हणून ते सरकतात आणि स्ट्रायकर सुळकन जातो. आमच्या वाड्यात दिवाळीच्या सुट्टीत बोर्डवर एवढी पावडर मारायचे की राणी चार बोटं मारली तर दोनदा कडेला आपटून परत यायची, आणि आजोबा शिंकायचे.

आणि हे ॲसिड असून स्वतःचा हायड्रोजन देतच नाही! रिकाम्या खोलीत पाण्याचा ओएच ओढून घेतं आणि पाण्याचा हायड्रोजन उघडा पडतो, तो ॲसिडपणा. म्हणून ते इतकं मवाळ. मुलीला म्हणावं शाळेच्या लॅबमधे बोरॅक्सच्या पाण्यात फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाक, गुलाबी होईल, मग चमचाभर ग्लिसरीन घाल, गुलाबी गायब. ग्लिसरीन त्या बोरॉनला दोन हातांनी धरून ठेवतं आणि ॲसिड एकदम जोर करतं.

एक मात्र ऐका. पापडखार वेगळा आणि टाकणखार वेगळा, दोघांचे डबे शेजारी ठेवू नका. आणि टाकणखाराची लाही मधात कालवून तान्ह्या बाळाच्या तोंडाला लावायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे, ती कृपा करून बंद करा. पोटात जाणं चांगलं नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा देत नाहीत.

मॅम, पीसीएल फाइव्ह (फॉस्फरसभोवती पाच क्लोरीन) आणि एसएफ सिक्स (सल्फरभोवती सहा फ्लोरीन) यांच्यात डी ऑर्बिटल वापरून ऑक्टेट आठाच्या वर वाढतो असं पुस्तकात आहे. व्हिडिओवाला म्हणतो डी वगैरे सगळं खोटं. जेईईला काय लिहायचं? (ड्रॉपर, भंवरकुआं)

बाळा, पेपरात पुस्तकातलं लिही. एसपीथ्री-डी, एसपीथ्री-डीटू या मिश्र ऑर्बिटलनी आकार बरोबर येतात, पर्याय निवड आणि पुढे चल, तीन तासांत क्रांती करायची नाही.

आता पेपर बाजूला ठेवून. व्हिडिओवाला बराचसा बरोबर आहे, फक्त "खोटं" हा शब्द जरा जास्त झाला. सल्फरचे थ्री-डी ऑर्बिटल एनर्जीनी फार वर आणि फार पसरट असतात, कॉम्प्युटरवर नीट हिशोब केला की बॉन्डिंगमधे त्यांचा हातभार किरकोळ निघतो. मग सहा फ्लोरीन टिकतात कसे? सोप्यात सोपं झेनॉन डायफ्लोराइड घे. फ्लोरीन, झेनॉन, फ्लोरीन एका रेषेत. झेनॉनचं एकच पी ऑर्बिटल दोन्हीकडे हात पसरतं, चार इलेक्ट्रॉन तिघांत वाटले जातात, दोन खरोखर बॉन्डमधे आणि दोन नुसते दोन्ही फ्लोरीनवर बसलेले. थ्री सेंटर फोर इलेक्ट्रॉन बॉन्ड म्हणतात, १९५१ मधे पिमेंटेल आणि रंडल यांनी वेगवेगळं मांडलं. एसएफ सिक्सला हीच पद्धत लावली तर बारापैकी आठ इलेक्ट्रॉन बॉन्डिंगमधे आणि चार फक्त फ्लोरीनवर. म्हणजे फिरून आठच! आपण सहा काड्या काढतो, प्रत्येक काडीला दोन इलेक्ट्रॉन धरतो आणि मग म्हणतो बारा झाले की, नियम मोडला. काड्या आपल्या आहेत, सल्फरच्या नाहीत.

मग नायट्रोजन का नाही करत, एनसीएल फाइव्ह का नाही बनत? क्लासमधे उत्तर मिळतं की टू-डी ऑर्बिटल नसतं. मला विचारशील तर जास्त सरळ उत्तर जागेचं आहे. नायट्रोजन एवढासा, त्याच्याभोवती पाच क्लोरीन उभेच राहत नाहीत. मिनी बसमधे जसं दारात लटकणारे पाच झाले की एक पडणारच.

पीसीएल फाइव्हची एक गंमत पुस्तकात कोपऱ्यात असते आणि पोरं सोडून देतात. गॅसमधे तो पाच हातांचा आहे, पण घट्ट झाला की दोन रेणूंत व्यवहार होतो, एक जण क्लोरीन देऊन पीसीएल फोर प्लस होतो, बरोबर आठवाला, आणि दुसरा घेऊन पीसीएल सिक्स मायनस. हे विचारतात, लक्षात ठेव.

एसएफ सिक्सबद्दल जाता जाता एवढंच की तो एवढा थंड डोक्याचा की मोठ्या सबस्टेशनच्या ब्रेकरमधे ठिणगी विझवायला भरतात, आणि त्याच थंडपणामुळे हवेत सुटला तर शेकडो वर्षं जात नाही. उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटीच्या वर.

नातू म्हणतो आजोबा, तुमच्या छातीच्या गोळीतून जो नायट्रिक ऑक्साइड निघतो त्यात एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो, म्हणजे तो फ्री रॅडिकल, म्हणजे वाईट. गोळी घ्यावी की नाही? (ज्येष्ठ वाचक, लोकमान्य नगर)

काका, गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच घ्या, नातवाच्या केमिस्ट्रीवर थांबवू नका. बाकी नातवानी मोजलंय बरोबर. नायट्रोजनचे पाच, ऑक्सिजनचे सहा, अकरा. अकराच्या जोड्या कशाही लावा एक उरणारच, त्यामुळे इथे दोघांचे आठ होणं गणितातच बसत नाही.

पण एकटा म्हणजे वाईट असं कुठे असतं? जिभेखालची ती नायट्रेटची गोळी शरीरात गेली की तिच्यापासून हाच नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना ढिलं पडायचा निरोप देतो आणि काही सेकंदांत संपतोही. एवढासा रेणू निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि ज्यांच्या नावाचं ते बक्षीस, त्या आल्फ्रेड नोबेलनी पैसा कमावला नायट्रोग्लिसरीनच्या डायनामाइटवर, आणि शेवटी १८९६ मधे त्यांच्या स्वतःच्या हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलं तेही नायट्रोग्लिसरीनच. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की नशिबाची थट्टा बघा म्हणून.

याचा भाऊ नायट्रोजन डायऑक्साइड मात्र खरंच त्रासाचा, धुरातला तपकिरी वायू. त्याच्यात सतरा, पुन्हा एक उरतो, पण तो एकटं राहणं सहन करत नाही. सीलबंद नळी बर्फात ठेवली की दोन-दोन रेणू आपले एकटे इलेक्ट्रॉन जोडून बसतात आणि रंग फिका होत जातो, गरम पाण्यात ठेवली की पुन्हा सुटतात आणि नळी तपकिरी. नातवाला हे दाखवा, म्हणजे कुणाकडून तरी दाखवून घ्या, घरी नाही.

आम्हाला शिकवलं होतं की इनर्ट गॅस कुणाशीच बोलत नाहीत. आता मुलांच्या पुस्तकात झेनॉनचे चार-चार कंपाउंड. कधी बदललं हे? (माजी विद्यार्थिनी, आता महू)

१९६२ मधे. व्हँकुव्हरला नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडवर काम करत होता, लालभडक वाफ असलेला महाजहाल पदार्थ. त्या पदार्थानी चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतला. मग बार्टलेटच्या लक्षात आलं की ऑक्सिजन रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ११७५ किलोजूल लागतात आणि झेनॉनमधून ११७०. मग झेनॉन का नाही? मधलं काचेचं सील फोडलं, दोन वायू भेटले आणि लगेच पिवळा घट्ट पदार्थ. इतकी वर्षं लोकांनी प्रयत्नच सोडून दिला होता, आठ पूर्ण आहेत ना मग काय बघायचं, म्हणून. वर्ष संपायच्या आत अमेरिकेत झेनॉन टेट्राफ्लोराइड पण झालं. तुझ्या बॅचला जुनंच शिकवलं असेल तर चूक माझीच गं, पुस्तकात शेवटी दोन ओळी होत्या आणि मार्चमधे पोर्शन संपवायची घाई.

काकू, ऑक्सिजन अपवाद आहे का? दोघांचे आठ-आठ तर होतात. (नाव नाही, फक्त एवढंच)

अपवादांच्या यादीत त्याचं नाव नसतं, पण मला विचाराल तर सगळ्यात खवचट तोच. दोन रेषा काढा, आठ-आठ पूर्ण, सगळे इलेक्ट्रॉन जोडीत. आणि मग उणे १८३ अंशाला द्रव केलेला तो फिकट निळा ऑक्सिजन मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमधे ओता, तो खाली पडत नाही, मधे लटकून राहतो. जोड्या सगळ्या जमल्या असत्या तर चुंबकानी त्याला विचारलं पण नसतं. दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत, आणि ते आपल्या त्या दोन रेषांत कुठेच दिसत नाहीत. ते दिसायला मॉलिक्युलर ऑर्बिटलचा धडा लागतो, तो कुणाला हवा असेल तर कळवा, पुढच्या अंकात अर्धं पान मागून घेते.